स्क्रीनशॉटवर माल गेला, आता काय?

राम राम. जालन्याच्या मोंढ्यात तुमचं बियाणं-खताचं दुकान, गिऱ्हाइकानं 'पेमेंट झालं' असा स्क्रीनशॉट दाखवून बॅगा नेल्या आणि संध्याकाळच्या हिशोबात पैसे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय.

आधी व्यवहार अडकलाय का ते बघा. गिऱ्हाइकाचा नंबर असेल तर १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, मागा आणि तो स्वतःच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शोधा. दुकानदाराला पैसे पोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते ५ दिवसांत गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जायला हवेत. म्हणजे खरा व्यवहार असेल तर त्याच्या स्टेटमेंटला तो दिसणारच. दोन्हीकडे काहीच नसेल तर स्क्रीनशॉट बनावट. मग बँकेत चकरा मारू नका, पैसे कुठून निघालेच नाहीत तर बँक अडवणार काय? सीसीटीव्हीचं फुटेज, गाडीचा नंबर आणि बिल घेऊन सरळ पोलीस ठाणं गाठा.

बनावट ॲप हिरवी टिक दाखवतं, आवाजही काढतं, यूटीआरसुद्धा मनानंच छापतं. साउंडबॉक्स चांगला, पण त्यात सिम असतं. रेंज गेली की तो उशिरा बोलतो. मृगाच्या गर्दीत पोरगं म्हणतं, "बोलंल थोड्या वेळानं," आणि बॅग गाडीवर चढते. बॉक्स गप्प असेल तर दुकानाचं ॲप उघडून रक्कम आणि वेळ जुळवायची, मगच माल उचलू द्यायचा. त्यासाठी पोराला मालकाचा फोन नको, व्यापारी ॲपमध्ये कर्मचाऱ्याचं वेगळं लॉगिन मिळत असेल तर ते द्या.

बॉक्स दिवसभरच मुका असेल तर क्यूआरवर नख फिरवून बघा. वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असू शकतं. रोज शटर उघडलं की दुसऱ्या फोनवरून स्कॅन करा, नाव वाचा, १ रुपया टाका.

मला विचाराल तर खरी डोकेदुखी पुढचीच. कोणी ८ हजारांच्या मालाला १८ हजार टाकतो आणि "चुकून गेले, वरचे १० रोख द्या" म्हणतो. पैसे खरोखर आलेले असतात, पण कुठल्यातरी फसवलेल्या माणसाचे. त्यानं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि रक्कम गोठते, कधी अख्खं खातंच. म्हणून परतावा रोख नाही, दुसऱ्या नंबरवर नाही. ॲपमधल्या रिफंडनं, ज्या खात्यातून आले तिथंच.

खातं गोठलंच तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या ठाण्यानं कळवलंय ते लेखी घ्या. बिल, स्टॉक रजिस्टरची नोंद, जीएसटी प्रमाणपत्र त्या ठाण्याला ईमेल करा आणि फक्त वादातल्या रकमेवर होल्ड ठेवून बाकी खातं मोकळं करा, असा अर्ज द्या. क्यूआरचं खातं वेगळं ठेवून रोजची जमा, ज्यातून कंपन्यांचं देणं भागवता त्या दुसऱ्या खात्यात वळवलेली बरी. ऐन पेरणीत निदान सगळंच एका खात्यात अडकत नाही.

आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. "सैन्यातून बोलतोय, कॅम्पला माल हवाय, पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील" असा फोन आला की तिथंच ठेवून द्या.