वाटण आंबतं, सिलिंडर पुरत नाही

प्रश्न : घरात सात माणसं. आठवड्याचं वाटण रविवारी करून ठेवते, पण बुधवारपर्यंत त्याला आंबूस वास येतो. शिवाय १४.२ किलोचा सिलिंडर महिनाभरही जात नाही. काय करावं? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वाटण बिघडतं ते पाण्यामुळं. अर्धा किलो कांदा उभा चिरून तेलावर तांबूस, कोरडा होईपर्यंत परता. गुलाबीवर थांबलात तर ओल आत राहते. पाव किलो सुकं खोबरं, १०० ग्रॅम लसूण, ५० ग्रॅम आलं, दोन चमचे तीळ वेगवेगळे भाजा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच वाटा. गरम वाटलं की डब्याच्या झाकणाला वाफ धरते आणि तीच खाली गळते. पाणी अगदी शिंपडण्यापुरतं. कोथिंबीर यात नकोच, ती आयत्या वेळी. कांदा-लसूण चटणीही फोडणीतच घाला. तीन दिवसांपुरतं वाटण फ्रिजमध्ये ठेवा, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरा. गोठलेली वडी थेट फोडणीत टाकली तरी चालते.

आता गॅस. तूरडाळ अर्धा तास भिजवा. डाळ-भात एकाच कुकरात लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. मोठ्या आचेवरच्या शिट्ट्या म्हणजे नुसती वाफ बाहेर! ज्योत पिवळी आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील, तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर गार झाल्यावर टाचणीनं भोकं मोकळी करा, धुतलात तर पुरता वाळवूनच बसवा.