टॅक्रोलिमस बदलण्याआधी लेव्हल बघा

किडनी ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झालीत, शरीराने ती नाकारू नये (म्हणजे रिजेक्शन होऊ नये) म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसने हात थरथरतात, साखरही चढली आहे, तर सायक्लोस्पोरिन किंवा सिरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधांवर जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझीही किडनी बसवलेलीच आहे आणि याच गोळ्यांवर बरीच वर्षं काढली आहेत. माझं मत विचाराल तर औषध बदलायचा विषय काढण्याआधी लेव्हल, म्हणजे रक्तातली औषधाची पातळी, बघा.

थरथर बऱ्याचदा लेव्हल जास्त असल्याने होते. सुरुवातीच्या महिन्यांत ती मुद्दाम चढती ठेवतात, पुढे रिजेक्शनचा धोका ओसरला की साधारण ५ ते ८ च्या आसपास आणतात. तुमची अजून वरच असेल तर डोस कमी करता येईल का, हे आधी विचारा. रक्त मात्र सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं. गोळी घेऊन गेलात की आकडा फुगतो आणि विनाकारण डोस कमी होतो. (लॅबच्या रांगेत असं कोणीतरी हमखास भेटतं.) जुलाब लागले तरी लेव्हल चढते. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम या औषधांनी चढते, रिफाम्पिसिन आणि फेनिटॉइनने कोसळते. लेव्हल फार चढली तरी क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतं आणि कमी पडून रिजेक्शन सुरू झालं तरी वाढतं, त्यामुळे स्वतःच्या अंदाजाने गोळी कमी-जास्त करू नका.

थरथरीचाच त्रास असेल तर टॅक्रोलिमसचीच, दिवसातून एकदा घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी मिळते. रक्तातली पातळी एकदम उसळत नाही, म्हणून काहींची थरथर कमी होते.

आता बदलाचं. सायक्लोस्पोरिनवर साखर थोडी सावरते, पण हिरड्या वाढतात, अंगावर केस येतात आणि रिजेक्शन रोखण्यात ते टॅक्रोलिमसपेक्षा डावं आहे. किडनीला दोन्ही जाचतात. सिरोलिमस टॅक्रोलिमससारखं किडनीच्या रक्तवाहिन्या आवळत नाही, आणि त्वचेचा कॅन्सर झालेल्यांना त्याचा खास उपयोग होतो. पण तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, जखम लवकर भरत नाही. लघवीतून आधीच प्रोटीन जात असेल तर ते बहुधा देत नाहीत. आणि साखरेसाठी म्हणून तिकडे जाण्यात काही अर्थ नाही, त्यानेही ती वाढू शकते.

साखरेच्या दृष्टीने खरं बरं पडतं ते बेलाटासेप्ट हे औषध. महिन्यातून एकदा सलाईनमधून घ्यावं लागतं. पण एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग पूर्वी होऊन गेलेला असेल तरच देतात, नाहीतर लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका वाढतो.

साखर वाढण्यात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीचाही वाटा असतो, तेव्हा ती गोळी किती कमी करता येईल हे विचारा. मनाने एकदम बंद मात्र करू नका, इतके दिवस घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं बनवत नाही.

भेटीला जाताना वर्षभराच्या लेव्हल तारखांसकट एका कागदावर उतरवून न्या. ४, ११, ६, ९ अशा उड्या दिसल्या तर गोळीच्या वेळा चुकतात का आणि मध्ये कंपनी बदलली का, हे आधी तपासावं लागेल. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका, आणि सुरू केलीच तर लेव्हल पुन्हा तपासून घ्या.