स्टेकहोल्डर म्हणजे भागधारक नव्हे, मग कोण?

प्रश्न असा आला आहे. कामाच्या वार्षिक आराखड्याचा नमुना मराठीत करायचा आहे आणि त्यात एका रकान्याचं शीर्षक आहे : 'अर्थपूर्ण उद्दिष्टे साध्य करण्यासाठी स्टेकहोल्डर ओळखणे व त्यांना एंगेज करणे'. विचारणाऱ्या बाईंनी 'स्टेकहोल्डर'साठी, म्हणजे एखाद्या कामाशी ज्यांचं बरंवाईट जोडलेलं असतं त्यांच्यासाठी, भागधारक, हितधारक आणि हितसंबंधी असे तीन पर्याय सुचवले आहेत. 'एंगेज करणे'ला 'गुंतवणे' चालेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

'भागधारक' आधी निकालात काढू. भाग म्हणजे शेअर. भागभांडवल, भागधारक, लाभांश ही सगळी एका घरातली मंडळी. ज्याने पैसे घालून कंपनीचा हिस्सा विकत घेतला, तो भागधारक. तरीही बातम्यांमध्ये 'सर्व भागधारकांशी चर्चा करून निर्णय घेऊ' असं सर्रास छापून येतं आणि तिथे पालक, रुग्ण नाहीतर प्रवासी अभिप्रेत असतात. त्यांना लाभांश कोण देणार?

ही चूक साधी नाही, ती शब्दाच्या जन्मकथेवरच बोळा फिरवते. आजच्या अर्थाचा स्टेकहोल्डर १९६३ साली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या एका अंतर्गत टिपणात आला आणि तो आला 'स्टॉकहोल्डर', म्हणजे भागधारक, या शब्दाला जोडीदार म्हणून. व्यवस्थापनाने फक्त भागधारकांचंच ऐकायचं असं नाही, ज्या गटांच्या पाठिंब्यावाचून संस्था टिकणारच नाही त्या सगळ्यांचं ऐकायचं, हे त्याला सांगायचं होतं. म्हणजे भागधारकांपलीकडची माणसं दिसावीत म्हणून शब्द घडला, आणि आपण भाषांतरात त्याला पुन्हा भागधारकाच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

जाता जाता एक गंमत. त्याआधी इंग्रजीत स्टेकहोल्डर म्हणजे तिऱ्हाईत. दोघांनी पैज लावली की दोघांचे पैसे ज्याच्या हाती ठेवायचे, तो. निकाल कसाही लागो, त्याला सोयरसुतक नाही. कायद्याच्या भाषेत हा अर्थ अजून शिल्लक आहे. ज्याचा काडीचाही संबंध नाही त्याचं नाव, ज्याचा संबंध आहे त्याला मिळालं!

पैजेची ही कल्पना मराठीला परकी नाही. आपल्याकडे 'पण' आहे. आपण इभ्रत पणाला लावतो, कुणाची नोकरी पणाला लागते. 'ज्याचं काही पणाला लागलं आहे तो' ही मला सुचलेली स्टेकहोल्डरची सगळ्यात नेमकी मराठी फोड. फक्त ती रकान्यात मावत नाही, आणि 'पणधारक' असं कुणी केलं तर मी सही करणार नाही.

उरले दोन. 'हितधारक' हिंदीच्या वाटेने आला आणि सरकारी कागदांत बऱ्यापैकी रुळला आहे. त्याला चूक म्हणता येणार नाही, पण माझ्या कानाला तो खटकतो. मराठीत धारक हा हातात धरता येईल किंवा नावावर असेल अशा गोष्टीला लागतो : परवानाधारक, खातेधारक, पासधारक. हित असं कुणाच्या नावावर नसतं. शिवाय नुसतं 'हित' म्हटलं की फायदाच डोळ्यांसमोर येतो. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ साली केलेली व्याख्या आज सगळ्यात जास्त वापरली जाते. तिच्यात दोन्ही बाजू आहेत : संस्थेच्या उद्दिष्टपूर्तीवर जो परिणाम करू शकतो तो, आणि त्या उद्दिष्टपूर्तीचा ज्याच्यावर परिणाम होतो तोही. परिणाम चांगलाच असेल असं ती कुठेही म्हणत नाही.

'हितसंबंधी'मध्ये हे बसतं, कारण हितसंबंध जपले जातात तसेच दुखावलेही जातात. शब्दाला थोडा वास आहे, मान्य. 'यात कुणाचे तरी हितसंबंध गुंतलेले आहेत' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणत नाही. तरी मी हाच निवडेन. रोज वापरला की वास जातो. 'हितधारक'ला मात्र मुळात चवच नाही. एक सावधगिरी : गुणवत्ता व्यवस्थापनाच्या 'आयएसओ ९००१' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत याच लोकांना 'इंटरेस्टेड पार्टी' म्हटलं आहे. त्याचं 'इच्छुक पक्ष' करू नका. इच्छुक निवडणुकीत असतात. इथे ज्यांची इच्छा कुणी विचारलेलीच नाही, असे लोकही येतात.

शब्द निवडताना माणसंही निवडली जातात, हे कामाच्या ठिकाणी चटकन दिसतं. समजा उद्दिष्ट आहे, अर्जांचा निकाल निम्म्या वेळात लावायचा. रकान्यावर 'लाभार्थी' लिहिलंत तर यादीत अर्जदार येतील आणि यादी संपेल. 'संबंधित' लिहिलंत तर सही करणारे वरिष्ठ येतील, कारण कार्यालयीन मराठीत 'संबंधितांना कळवावे' म्हणजे बहुतेक वेळा वरच्यांनाच. 'ज्यांचं काही पणाला लागलं आहे' असा विचार केलात, तर नव्या पद्धतीत तीच माहिती दोनदा भरावी लागणारा कर्मचारी आठवेल. मी पूर्वी अशाच एका आराखड्याचं भाषांतर केलं होतं. त्यात हा माणूस कुठेच नव्हता, आणि पुढे काम अडलं ते नेमकं त्याच्याच टेबलावर.

म्हणून 'ओळखणे'ही मला पुरेसं वाटत नाही. मराठीत आपण ओळखीच्यालाच ओळखतो, आणि इथे तर जे चटकन आठवत नाहीत त्यांना शोधायचं आहे. 'हेरणे'त सावजाची चाहूल लागते. साधं 'शोधणे' किंवा 'कोण कोण ते ठरवणे' बरं.

आता 'एंगेज'. 'गुंतवणे' नको. मराठीत पैसे गुंतवतात, भानगडीत गुंतवतात, आणि 'जरा त्यांना बोलण्यात गुंतवून ठेव' म्हणजे तोवर आपण आपलं काम उरकू. 'हाताशी धरणे' त्याहून वाईट, ते कटात होतं. या क्रियेसाठी मराठीत एकच शब्द नाही, पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला स्वतंत्र क्रियापद आहे : कानावर घालणे, मत विचारणे, विश्वासात घेणे, सहभागी करून घेणे, निर्णय त्यांच्यावर सोपवणे.

अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टिन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं झुलवणं, टोकाला कारभारच त्यांच्या हाती. मधल्या पायऱ्यांपैकी एक आहे थोडंफार देऊन शांत करणं. हिला मराठीत आयता शब्द आहे, बोळवण. खालच्या पायऱ्यांसाठी तर आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे : गळी उतरवणे, तोंडाला पाने पुसणे, हो ला हो मिळवून घेणे. यावरून काय ते समजा.

माझा कल 'विश्वासात घेणे'कडे आहे. त्यात निर्णयाआधी सांगणं गृहीत असतं. 'आम्हाला विश्वासात घेतलं नाही' ही तक्रार कधी होते? माहिती मिळाली, पण सगळं ठरून गेल्यावर मिळाली, तेव्हा. वेळेचा हा मुद्दा इंग्रजी 'एंगेज'मध्ये नाही. फक्त प्रत्येकाला विश्वासातच घ्यायला हवं असंही नाही. कुणाच्या बाबतीत कानावर घातलं तरी भागतं, आणि रोज बैठकीला बोलावलं तर तो माणूस वैतागतो.

शेवटी, विचारलं नव्हतं तरी सांगतो, 'अर्थपूर्ण' काढा. वृत्तपत्रांनी या शब्दावर कोटी करून करून त्याला पार पैशाला जुंपलं आहे. 'अर्थपूर्ण बोलणी' म्हटलं की टेबलाखालचा हात दिसतो. 'हितसंबंधीयांना हाताशी धरून अर्थपूर्ण उद्दिष्टे साध्य केली' हे वाक्य आराखड्यात घातलंत तर चौकशी लागेल. 'मोलाची उद्दिष्टे' म्हणा, किंवा नुसतं 'उद्दिष्टे'. बिनमोलाची उद्दिष्टे मुद्दाम कोण लिहितं?

एकच पायरी सगळ्यांना लागू नाही, म्हणून शीर्षकात जरा सैल शब्द घेऊन मी ते असं करेन : 'हितसंबंधी कोण व त्यांना कसे सहभागी करून घेणार'. आणि खाली प्रत्येक नावापुढे, 'कानावर घालणे'पासून 'निर्णय सोपवणे'पर्यंतच्या पाच पायऱ्यांपैकी, एकच क्रियापद लिहायला जागा ठेवेन. 'चर्चा करणे' हे क्रियापद त्या जागेत चालणार नाही, अशी तळटीपही घालेन.