वाचक विचारतात : आफ्रिकेतली शिकार, तिकडचा पैसा अन् आपली रानडुकरं

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी राळेगाव तालुक्यातला, घरी कापूस अन् तूर. माझा मावसभाऊ जोहान्सबर्गले नोकरीले आहे, तो म्हणते जूनमध्ये ये, लिम्पोपोत एका फार्मवर शिकारीले जाऊ, एकदम लीगल आहे, कुडू-इम्पाला ही तिकडची हरणं तर मिळतेच अन् पैसे टाकले तर सिंह बी गॅरंटीनं. बाबा म्हणते हे पापाचं काम आहे. मले हेच समजून नाही राहिलं की मारू देतात तरी जनावरं वाढली कशी म्हणतात. जाऊ का? अन् शिंगं घरी आणता येते का?

उत्तर : लीगल आहे हे खरं. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे इथे परवाना काढून शिकार करता येते, केनियाने मात्र १९७७ पासून बंद केलीय. पण परदेशी पाहुण्याला बंदूक उचलून एकट्याने रानात शिरता येत नाही, सोबत लायसनवाला प्रोफेशनल हंटर लागतोच, तिकडे सगळे त्याला पीएच म्हणतात, आणि रायफलसुद्धा बहुतेक लोक त्याच्याकडूनच भाड्याने घेतात कारण इथून नेणं म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. खर्चाचे दोन भाग असतात, एक रोजचा रेट ज्यात राहणं, जेवण, गाडी आणि पीएच-ट्रॅकरची मजुरी येते, दुसरा प्रत्येक जनावराची वेगळी ट्रॉफी फी. जनावर जखमी होऊन पळालं तरी ते मारलं असंच धरतात, रक्ताचा थेंब दिसला की पूर्ण फी. मला हा नियम फार योग्य वाटतो, कारण त्यामुळे हौशी माणूस लांबून उगाच गोळी झाडत नाही.

जून म्हणजे तिकडे हिवाळा, गवत वाळलेलं, झाडांची पानं गळालेली, पाणवठे कमी, म्हणून जनावर दिसतं. पहाटे लिम्पोपोत चांगलीच थंडी असते, स्वेटर घेऊन जा. खरी शिकार म्हणजे बहुतेक वेळ नुसतं चालणं असतं. रानम्हशीचा माग काढताना ट्रॅकर पाणवठ्याच्या चिखलातला खूर बघतो, कडा अजून ओल्या आहेत की वाळून पडायला लागल्यात, शेणात बोट घालून गरम आहे का ते पाहतो, आणि पीएचच्या हातात राखेची एक छोटी पिशवी असते, ती दर थोड्या वेळाने झटकायची आणि राख कुठे उडते ते बघायचं, वारा आपल्या पाठीवरून तिकडे जायला लागला की कळपाला वास गेलाच समजा, मग सगळी सकाळ वाया. म्हशीच्या पाठीवर किडे टिपणारे ऑक्सपेकर पक्षी असतात, ते ओरडून उडाले तरी कळप सावध होतो. म्हशीला आणि हत्तीला .३७५ बोअरच्या खालची रायफल चालत नाही, आणि जखमी म्हैस दाट झाडीत शिरली तर तिच्यामागे जाणं पीएचवर बंधनकारक असतं. या धंद्यात माणसं मरतात ती अशाच वेळी.

आता जनावरं वाढली कशी. पांढऱ्या गेंड्याचंच बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडचे शंभराच्या आतच उरले होते, ते सगळे दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या रानात. ते जपले, वाढवले, मग सरकारने खाजगी फार्मवाल्यांना दिले, आणि १९६८ पासून मर्यादित शिकारीला परवानगी दिली. गेंड्याला किंमत आली तेव्हा फार्मवाल्याने गाई काढून गेंडे ठेवले, कुंपणं घातली, राखणदार नेमले. आज ते १५ हजारांच्या वर आहेत. त्यांना खरा धोका आहे तो शिंगासाठी चोरून मारणाऱ्यांचा, एकट्या दक्षिण आफ्रिकेत २०१४ साली १,२१५ गेंडे असे मारले गेले.

पण सिंहाच्या गॅरंटीचं सांगतो, त्याला सरळ नाही म्हणा. रानातल्या सिंहाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. गॅरंटी देतात ते पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहाची, पिल्लू असताना त्याच्यासोबत पर्यटकांचे फोटो काढतात आणि मोठा झाला की कुंपणाच्या आत गोळी घालायला सोडतात. हा धंदा बंद करायचं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनेच २०२१ मध्ये जाहीर केलं. त्याच्यात माग नाही, वारा नाही, जनावराला पळायला जागा नाही, आणि रानातला एकही सिंह त्याने वाचत नाही. रानातल्या सिंहाचा प्रश्न तर आणखी नाजूक, कळपातला कर्ता नर मारला की नवीन नर येऊन आधीची पिल्लं मारतो, म्हणून काही देशांत ६ वर्षांच्या आतला नर मारायला बंदी आहे. २०१५ मध्ये झिम्बाब्वेतल्या ह्वांगे पार्कच्या बाहेर मारलेला सेसिल नावाचा सिंह चांगला म्हातारा होता, तरी त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांचा कॉलर होता, आणि जगभर बोंबाबोंब झाली ती झालीच, शिकाऱ्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचं छापून आलं होतं.

शिंगं-कातडं आणायचं डोक्यातून काढा. साइट्स म्हणजे रानजनावरांच्या देशोदेशीच्या व्यापारावरचा करार, त्यातल्या जनावराला परमिट लागतं, बऱ्याच विमान कंपन्या अशा ट्रॉफ्या नेतच नाहीत, आणि इथे कस्टम्स आणि वनखातं वेगळंच. तिकडचा लेपर्ड आणि आपला बिबट्या एकाच जातीचा प्राणी आहे, त्याचं कातडं घरात सापडलं तर आयुष्याची वाट लागेल. बाबांना मी चूक म्हणणार नाही. जायचंच असेल तर खाण्यासारखं साधं जनावर मारा, मांस कोणाला जातं ते आधीच विचारा, आणि उत्तर धड मिळालं नाही तर नका जाऊ.

प्रश्न : चिमूरकडून लिहितो. रोही अन् डुकरं रात्रीतून वावर साफ करतात, हरभऱ्याच्या दिवसांत आम्ही मचाणावर जागल करतो, अन् वाघाच्या भीतीनं जागलीलाही जाता येत नाही. आफ्रिकेसारखी पैसे घेऊन शिकार आपल्याकडे काहून सुरू करत नाही?

उत्तर : तुमची चीड मला पूर्ण समजते दादा, रात्रभर डबे वाजवूनही सकाळी धुऱ्यावर आडवा झालेला हरभरा पाहणं काय असतं ते या भागात कोणाला सांगायला नको. पण आफ्रिकेत यश आलं ते बंदुकीमुळे नाही, हक्कामुळे आलं. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून गावांना स्वतःची कॉन्झर्वन्सी, म्हणजे गावानेच सांभाळायचं जनावरांचं रान, काढायची सोय दिली, १९९८ मध्ये पहिल्या काही सुरू झाल्या, आता ८० च्या वर आहेत. न्याए न्याए नावाची कॉन्झर्वन्सी तिथल्या सान आदिवासींची आहे. शिकाऱ्याची फी कॉन्झर्वन्सीच्या खात्यात जाते, त्यातून गावातलीच पोरं राखणदार म्हणून पगारावर असतात, आणि हत्ती मारला तर मांस गावाचं, बायाबापे सुरे-टोपल्या घेऊन येतात आणि काही तासांत हाडं उरतात. झिम्बाब्वेने १९८९ मध्ये अशीच कॅम्पफायर नावाची योजना आणली, पण तिथे हक्क जिल्हा कौन्सिलला दिला आणि गावाचा वाटा मधेच अडकायला लागला. बोत्सवानाने २०१४ ला शिकार बंद केली, तिथे सुमारे १ लाख ३० हजार हत्ती, खेड्यांची कमाई गेली आणि नासाडी राहिली, शेवटी २०१९ मध्ये बंदी उठवली.

आपल्याकडे उलटं आहे. परवानगी काढून डुक्कर मारलं तरी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ते सरकारची मालमत्ता, नुकसान तुमचं आणि जनावर सरकारचं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते कुठेही बोलायला तयार आहे. रोही-डुकराच्या बाबतीत ग्रामसभेला हक्क द्या, नियम घाला, मोजणी करा, हे मागणं योग्यच आहे. वाघाचं मात्र नाही. वाघ मुळात थोडे, एक वाघीण गेली की तिची पिल्लंही जातात, आणि २०१८ मध्ये पांढरकवड्याची अवनी वाघीण मारली तेव्हा आपण पाहिलंच की नरभक्षक ठरवूनही किती वाद झाला. वाघासाठी पैसा सफारीच्या गेटवर गोळा होतोच आहे, तो ज्याच्या गोठ्यातली गाय गेली त्याच्या हातात आठवडाभरात पडला पाहिजे, भांडण तिथे करा. आणि कुंपणात थेट लाइनचा करंट सोडू नका, त्यात वाघही मरतो आणि शेजारचा माणूसही, झटका मशीनच वापरा.

प्रश्न : आम्ही गोंदियाचे, दोघे शिक्षक. मारायचं नाही, नुसतं पाहायचं आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेत कुठे जावं?

उत्तर : दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर. १९२६ पासूनचा नॅशनल पार्क, जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोबा प्रकल्पाच्या अकरापटीच्या आसपास, आणि जिप्सीचं बुकिंग न करता स्वतःच्या भाड्याच्या गाडीने फिरता येतं. गाडीतून उतरायचं नाही आणि गेट बंद व्हायच्या आत कॅम्पात पोचायचं, उशीर झाला तर दंड होतो. जून ते ऑगस्ट जा, मलेरिया कमी असतो तरी डॉक्टरला विचारून गोळ्या घ्या. वेळ असेल तर नामिबियातलं एटोशा जोडा, ओकाउकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे असतात, बाकावर बसून काळा गेंडा पाणी पिताना दिसतो. खोली बरेच महिने आधी घ्या, तिकडची सुट्टी लागली की काही मिळत नाही.