थडगे, कबर की समाधी? आणि परतीच्या वाटेवरचा भाजीपाव

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. दोन नोव्हेंबरच्या सकाळी त्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर दफनभूमीत गेल्या होत्या. त्यावर लिहिताना त्यांनी एक वाक्य लिहिले: ‘मैत्रिणीच्या आईवडिलांच्या थडग्यांना भेट देऊन घरी परतताना आम्ही न्याहारीसाठी थांबलो.’ बाईंच्या आईने ते वाचले आणि म्हणाल्या, ‘थडगं काय म्हणतेस गं, ती माणसं काय वैरी होती? आणि मसणातून आलात त्या न आंघोळताच खायला बसलात?’ तेव्हापासून बाई अडल्या आहेत. थडग्याऐवजी काय लिहावे? आणि न्याहारी बरोबर, की नाश्ता?

आधी सांगतो, वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण आईंचा कान तिखट आहे. त्यांनी दोन तक्रारी केल्या, आणि माझ्या मते त्या दोन नसून एकच आहे.

थडगे हे बांधकामाचे नाव. दगडाचा, चुन्याचा, विटांचा उंचवटा. त्यात कोण निजले आहे याच्याशी त्या शब्दाला काही देणेघेणे नाही. विजापूरचा गोल घुमट म्हणजे मुहम्मद आदिलशहाचे थडगे, असे आपण बिनदिक्कत लिहितो, कारण आदिलशहा आपला कोणी लागत नाही. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चची जमीन कोरीव शिळांनी भरली आहे, पर्यटक त्यांच्यावरूनच चालतात. तिथेही थडगी म्हटले तर कोणाला बोचत नाही. आपल्या माणसाच्या बाबतीत मात्र मराठी जीभ हा शब्द टाळते. ‘माझ्या आईचे थडगे’ असे कोणी म्हटलेले तुम्ही ऐकले आहे? मी नाही.

मी स्वतः एकदा या शब्दावर आपटलो आहे. फार वर्षांपूर्वी पणजीत एका मित्राबरोबर त्याच्या वडिलांसाठी फुले घेऊन गेलो होतो. आत शिरल्यावर मी विचारले, ‘तुझ्या वडिलांचं थडगं कुठलं?’ तो काही बोलला नाही. चार पावले पुढे गेला, हात केला आणि म्हणाला, ‘पपा हांगा आसा. मम्मा थंय.’ म्हणजे पपा इथे आहेत, मम्मा तिथे. त्याच्या वाक्यात नामच नव्हते. थडगे नाही, कबर नाही, काही नाही. माणसे होती आणि ती कुठे आहेत एवढेच होते.

आणि मम्मा ‘थंय’ का, तेही पाहण्यासारखे आहे. गोव्याच्या पुष्कळ दफनभूमींत जागा कमी, म्हणून मातीतली जागा काही वर्षांनी दुसऱ्यासाठी उघडतात. अस्थी काढून भिंतीतल्या चौकोनी कोनाड्यात ठेवतात आणि त्यावर नावाची संगमरवरी पाटी बसवतात. ज्यांची कायमची जागा असते त्यांचे वेगळे. मित्राची आई अशा कोनाड्यात होती. त्याला तुम्ही थडगे कसे म्हणाल? म्हणजे भावना बाजूला ठेवली तरी हा शब्द इथे दर वेळी बसतोच असे नाही. तुमच्या मैत्रिणीचे आईवडील मातीत आहेत की भिंतीत, ते विचारून घ्या. भिंतीत असतील तर ‘कोनाडा’ हाच शब्द वापरा. आपण कोनाड्यात दिवा ठेवत आलो, देव ठेवत आलो. त्यात काही कमी नाही.

आता कबर. शब्द मूळचा अरबी, म्हणून तो मुसलमानांपुरताच असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मराठी बायबलात येशूच्या पुनरुत्थानाच्या प्रसंगी धोंड बाजूला होते ती कबरेवरूनच. अहमदनगरकडच्या (आताचे अहिल्यानगर) ख्रिस्ती घरांत हा शब्द रोजचा आहे. ख्रिस्ती माणसांच्या संदर्भात मराठीत लिहायचे तर कबर चोख आहे आणि थडग्यासारखा कोरडाही नाही. अनेकवचन ‘कबरी’ करा. जुन्या छापात ‘कबरा’ दिसते, पण आज ते वाचताना काळ्याकबऱ्या मांजराची आठवण होते.

समाधी? आदर हवा म्हणून सगळ्यांचा हात आधी तिकडे जातो. या शब्दाची गंमत अशी की त्याला पुरण्याची अटच नाही. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली, तिथे समाधी हे कृत्यही आहे आणि जागाही. शिवाजी महाराजांचा देह रायगडावर अग्नीला दिला, तरी तिथल्या वास्तूला आपण समाधीच म्हणतो. म्हणजे तो मानाचा शब्द आहे. लिंगायत आणि गोसावी घरांत साध्यासुध्या आजोबांचीही समाधी असते, आणि तिथे तो शब्द त्यांचा हक्काचा आहे. पण म्हापशाच्या एका बेकरीवाल्याच्या आणि त्याच्या बायकोच्या जागेला समाधी म्हटले, तर वाचक उगाच मठ शोधू लागेल. मी म्हणणार नाही.

आता आईंच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, खरी मेख तिथे आहे. आईंनी ‘मसण’ म्हटले. मसण म्हणजे स्मशान, घासून गुळगुळीत झालेले. हा शब्द एकटा येत नाही. सुतक, ओले कपडे, विहिरीवरची आंघोळ, उंबऱ्याबाहेर थांबणे, सगळा लवाजमा घेऊन येतो. स्मशानातून परतताना हॉटेलात बसणे हे मराठी हिंदू मनाला खटकणारच. पण तुम्ही स्मशानात गेला नव्हता, बाई. तुम्ही सिमितेरात गेला होता.

पोर्तुगीज ‘सेमितेरियो’पासून आलेला, ख्रिस्ती दफनभूमीसाठीचा हा कोंकणी शब्द गावागणिक थोडा वेगळा ऐकू येतो, पण कळतो सगळ्यांना. त्याच्यामागे सुतक नाही. दोन नोव्हेंबर हा अल्मांचो दीस, मृतांच्या स्मरणाचा दिवस. ‘आल्मा’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये आत्मा. त्या दिवशी लोक ठेवणीतले कपडे घालून जातात, मिस्सा म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना होते, पोरांच्या हातात फुलांच्या पिशव्या असतात, दगड धुऊन त्यावर वाती लावतात. वाती म्हणजे मेणबत्त्या, तूपवाती नव्हेत. शेजारच्या कुटुंबाची विचारपूस होते. मग सगळे घरी, नाहीतर चहाला. पणजीत सांत इनेजला हिंदूंचे स्मशान, ख्रिस्ती सिमितेर आणि मुसलमानांचे कबरस्तान अशी तिन्ही आहेत; तिथून परतणाऱ्या तीन माणसांना भूक सारखीच लागते, पण ती कधी आणि कुठे भागवायची ते त्या जागेचे नाव ठरवते. म्हणून म्हटले, तक्रार एकच. तुमच्या वाक्यात नाव ख्रिस्ती जागेचे नव्हते, तेव्हा आईंनी आपल्या घरचे घातले.

मराठी लेखात सिमितेर चालेल का? गोव्याच्या मराठीत का चालू नये? ख्रिस्ती विषयावरचे सर्वांत गाजलेले जुने मराठी काव्य, फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण, १६१६ साली याच मातीत छापले गेले. पुण्याच्या वाचकासाठी लिहीत असाल तर एकदा ‘दफनभूमी’ म्हणा आणि पुढे सिमितेर. दफनभूमी हा अर्धा अरबी, अर्धा संस्कृत शब्द नगरपालिकेच्या फलकावरचा वाटतो खरा, पण तो कोणाला दुखवत नाही.

‘भेट दिली’ मात्र काढून टाका. भेट देतात संग्रहालयाला, नाहीतर लग्नात. माणसांना भेटतात, माणसांकडे जातात.

न्याहारी आणि नाश्ता यांत न्याहारी शुद्ध आणि नाश्ता परका, असा एक समज आहे. दोन्ही फारसीकडूनच आलेले आहेत. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी अन्न नसून उपास आहे. फारसी ‘नाश्ता’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला. हिंदीतले ‘निहार मुँह’ म्हणजे आपले अनशेपोटी, आणि न्याहारी त्याच घरातली. रिकाम्या पोटाचे नाव पोट भरणाऱ्या खाण्याला पडले. तुमच्या प्रसंगाला हे छान लागू पडते, कारण मिस्सेत कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, घ्यायचे तर पूर्वी मध्यरात्रीपासून उपास असे. १९५७ साली तो तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. जुन्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला सकाळच्या मिस्सेनंतरचा चहा म्हणजे खरोखर पहिला घास असायचा.

आजच्या कानाला मात्र या दोन शब्दांत फरक लागतो. न्याहारी घरची, शेताच्या बांधावरची, फडक्यात बांधून नेलेली. हॉटेलात होतो तो नाश्ता. महाराष्ट्राच्या पर्यटनवाल्यांनी ‘निवास व न्याहारी’ ही जोडी रूढ केली खरी, पण तिच्यात घरगुती आदरातिथ्य सुचवायचे होते, म्हणून ती जमली. तुम्ही रस्त्यावर थांबलात, तेव्हा नाश्ताच. फळार असेही इथल्या हिंदू घरांत म्हणतात, पण ते महाराष्ट्रातल्या वाचकाला एकादशीचे वाटेल. मला विचाराल तर दोन्ही सोडा आणि ‘चहा घेतला’ म्हणा. गोव्यात सकाळी ‘च्या घेवया’ म्हटले की भाजी आणि पाव त्यात धरलेलेच असतात.

तर मी असे लिहीन: ‘अल्मांच्या दिवशी सकाळी मैत्रिणीबरोबर सिमितेरात तिच्या आईवडिलांकडे जाऊन आले. फुले ठेवली, वाती लावल्या. परतताना वाटेत भाजीपाव आणि चहा घेतला.’ पुढे कुठे जागेचा उल्लेख करावाच लागला तर कबर.

भाजीपाव हा क्रम तेवढा बदलू नका. ‘पावभाजी’ लिहिलेत तर मुंबईचा वाचक तव्यावर लोणी सोडून मोकळा होईल, आणि तुम्ही खाल्लेली ती अळसांद्यांची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची, पातळ भाजी आणि कातरे पाव त्याच्यापर्यंत पोचणारच नाहीत.