नक्की काय बंद करू? धंद्यातली कटकट कमी करण्याबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी प्रश्न बरेच आलेत आणि बहुतेकांचा सूर एकच आहे, की काम भरपूर आहे, उलाढालही वाढतेय, पण हातात काही उरत नाही आणि डोकं शांत नाही. त्यातले थोडे निवडलेत. एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : माझं छपाईचं युनिट आहे. कार्ड, बॅनर, स्टिकर, मग, टी-शर्ट, ट्रॉफीवरचं नाव, जे मागाल ते करतो, सगळे प्रकार धरले तर 140 च्या आसपास जातील. उलाढाल दरवर्षी वाढते पण वर्षअखेरीस बघावं तर नफा तिथेच. काहीतरी बंद करायला हवं हे कळतंय, पण काय ते कसं ठरवू?

140 प्रकार म्हणजे 140 प्रकारचं मटेरियल, सेटिंग, चुका आणि फोन, आणि ह्या सगळ्याचं बिल कुठूनच येत नाही, गोम तिथेच आहे. कागदाचं बिल येतं, शाईचं येतं, पण मशीन एका कामावरून दुसऱ्या कामावर लावताना गेलेला पाऊण तास किंवा "कलर जरा डार्क करा ना" म्हणून चौथ्यांदा पाठवलेलं डिझाईन ह्याची नोंद कुठेच नसते, ते गुपचूप तुमच्या वेळेतून कापलं जातं. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर ह्या हिशोबशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी 1980 च्या दशकात नेमकं हेच मांडलं होतं. नेहमीच्या हिशोबात वरखर्च सगळ्या मालावर सरसकट वाटला जातो, त्यामुळे थोडाथोडा खपणारा नाना प्रकारचा माल आहे त्यापेक्षा स्वस्तात बनतोय असं वाटतं आणि रोजचा मोठा खपाचा माल उगाच महाग दिसतो. त्यांचे अभ्यास मोठ्या कारखान्यांवरचे होते, पण दोन मशीनच्या युनिटलाही ते तंतोतंत लागू पडतं.

तर आधी काही बंद करू नका, आधी लिहा. पुढचे तीन-चार आठवडे प्रत्येक ऑर्डरपुढे तीन आकडे : किती घेतले, त्या कामासाठी थेट किती गेले (मटेरियल, बाहेरून करून घेतलेलं काम, पोचवायचा खर्च) आणि किती वेळ लागला. वेळेत फोन, दुरुस्त्या, वसुलीसाठीच्या चकरा सगळं धरायचं, अंदाजाने लिहिलं तरी चालेल. मग जे उरलं त्याला तासांनी भागा. समजा एका कामाचे 100 आले, 40 गेले, 60 उरले, छान वाटतं, पण दोन तास खाल्ले, म्हणजे तासाला 30. दुसऱ्या कामाचे 100 आले, 75 गेले, उरले फक्त 25, पण अर्ध्या तासात हातावेगळं झालं, म्हणजे तासाला 50. आपण मार्जिनचा टक्का बघून पहिल्या कामामागे धावत असतो आणि खरी कमाई दुसरं काम करून देत असतं. तुमच्याकडे ज्या गोष्टीची टंचाई आहे तिच्याने भागायचं. बहुतेक छोट्या धंद्यांत ती मालकाची वेळ असते, तुमच्याकडे कदाचित एखादं मशीन असेल.

आता एक सावधगिरी, कारण इथे लोक घाईत पडतात. एखादा प्रकार बंद केला म्हणून जागेचं भाडं कमी होत नाही, पगारही कमी होत नाहीत. त्या कामातून तासाला 10 उरत असतील आणि ते बंद करून तो तास नुसताच रिकामा गेला, तर नफा वाढणार नाही, घटेल. बंद केल्याचा फायदा तेव्हाच जेव्हा मोकळा झालेला तास चांगल्या कामाला लागतो, किंवा त्या प्रकारासाठीचा एखादा खर्च खरोखर थांबतो, किंवा मग तुम्हाला तो तास घरी हवा असतो (हेही कारणच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही). म्हणून आधी तळाचे पाच-दहा प्रकारच घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी परत बघा.

80-20 चं सूत्र तुम्ही ऐकलंच असेल, म्हणजे 80 टक्के कमाई 20 टक्के कामांतूनच येते. इटलीत जमिनीची मालकी थोड्या लोकांच्या हातात एकवटलीय हे अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतोच्या लक्षात आलं होतं, पुढे जोसेफ ज्युरन यांनी गुणवत्तेच्या कामात त्याचं नाव रूढ केलं. पण तो काही निसर्गनियम नाही, तुमच्याकडे 60-30 निघेल नाहीतर 90-10, म्हणून स्वतःचे आकडे काढल्याशिवाय कात्री लावू नका. आणि हे फक्त छोट्यांचंच दुखणं आहे असं नाही. 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्स अ‍ॅपलमध्ये परतले तेव्हा कंपनी त्या आर्थिक वर्षात 100 कोटी डॉलरहून जास्त तोट्यात होती आणि कॉम्प्युटरची इतकी मॉडेलं की कोणतं कोणासाठी हे धड सांगता येत नव्हतं. त्यांनी चार चौकोन आखले, घरगुती वापराचं आणि व्यावसायिक, टेबलावरचं आणि हातात न्यायचं, आणि बाकी बहुतेक सगळं बंद केलं. पुढच्या वर्षी कंपनी सुमारे 30 कोटी डॉलर नफ्यात आली. नफ्याला इतरही कारणं होती, नवा आयमॅक होता, खर्चकपात होती, पण माणसं आणि पैसा चारच जागी लावता आला हे त्यातलं मोठं कारण.

प्रश्न : आमच्या उलाढालीतला जवळजवळ निम्मा वाटा एकाच कंपनीचा आहे. पेमेंट तीन-तीन महिने येत नाही, दर वर्षी रेट पाडून मागतात, रविवारी पण फोन. मिस्टर म्हणतात सोडून दे, पण हिंमत होत नाही.

हिंमत होत नाही ते बरंच आहे, एकदम सोडू नका. पण ते मोठं गिऱ्हाईक आहे हे आधी तपासून बघा, ते नुसतं मोठं बिलही असू शकतं. वरचाच हिशोब त्यांना लावा आणि त्यात पैशाचं भाडं धरा. तुमचा माल 60 दिवस पडून असतो, वसुलीला 90 दिवस लागतात आणि तुमच्या सप्लायरला तुम्ही 30 दिवसांत देता असं धरलं, तर 60 अधिक 90 वजा 30, म्हणजे 120 दिवस तुमचे पैसे त्यांच्या धंद्यात फिरतायत. त्यासाठी तुम्ही ओव्हरड्राफ्ट वापरत असाल तर त्याचं व्याज ह्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाका, मग काय उरतं ते बघा. काहीच उरत नाही असं निघालं तरी नवल वाटून घेऊ नका.

त्यानंतर बोलायचं, आणि एका वेळी एकच मागायचं. रेट वाढवा, पेमेंट लवकर द्या, रविवारी फोन करू नका असं सगळं एकदम मागितलं की काहीच मिळत नाही. मी असतो तर आधी पेमेंटचं धरलं असतं, कारण अर्ध्या भांडणांचं मूळ तिथे असतं, ऑर्डरसोबत थोडा अ‍ॅडव्हान्स आणि बाकीचे 45 दिवसांत, नवीन ऑर्डर जुनी बाकी मिटल्यावर. ते नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही, तुम्हाला उत्तर मिळालं. मग त्यांची वाढीव कामं घ्यायची नाहीत आणि तो वेळ दुसरी दोन-तीन मध्यम गिऱ्हाइकं उभी करण्यात घालायचा. त्यांचा वाटा पाव हिश्श्यावर आला की तुम्हीच बघाल, तुमचा बोलण्याचा टोनच बदललेला असेल. मिस्टरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते एका वर्षाचं काम आहे, एका फोनचं नाही.

प्रश्न : रेट वाढवला तर गिऱ्हाईक जातील ही भीती. उलट मंदी आली की मी 10 टक्के डिस्काउंट देतो, गर्दी होते पण दमायला होतं. बरोबर करतोय का?

गणित करून बघूया. 100 च्या विक्रीत तुम्हाला 30 सुटत असतील, तर 10 टक्के डिस्काउंट दिल्यावर 20 च सुटतात, म्हणजे आधीइतकाच नफा मिळवायला दीडपट माल विकायला लागणार. काम 50 टक्के वाढलं आणि पैसे तेवढेच, दमायला होणारच ना. आता उलटं करा, रेट 10 टक्के वाढवला तर 40 सुटतात, म्हणजे चारातलं एक गिऱ्हाईक निघून गेलं तरी नफा होता तेवढाच राहतो आणि काम पाव हिश्शाने कमी. जाणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तेच असतं जे प्रत्येक बिलावर घासाघीस करतं.

ह्याचा अर्थ उद्या सगळ्यांचे रेट वाढवा असा नाही. नवीन येणाऱ्यांपासून सुरुवात करा, जुन्यांना महिनाभर आधी सांगा, आणि जिथे तुमच्यासारखाच माल शेजारी चार जण विकतात तिथे हात जपून. डिस्काउंट द्यायचाच असेल तर बदल्यात काहीतरी घ्या, म्हणजे रोख पेमेंट, मोठी ऑर्डर, किंवा तुमच्या सोयीची तारीख. फुकटचा डिस्काउंट एकदा दिला की पुढच्या वेळी तोच रेट होतो.

प्रश्न : ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर, फोनवर, कधी इन्स्टाग्रामवर. तीन अ‍ॅप घेतलीत, तरी गोंधळ. चौथं कोणतं घ्यावं?

चौथं घेऊ नका. असलेल्यातलं एक ठेवा, नाहीतर सरळ एक वही. ऑर्डर कुठूनही येऊ दे, तिथे लिहिल्याशिवाय ती ऑर्डर नाही, हा नियम पाळला की अ‍ॅप कोणतं ह्याने फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : फर्निचर बनवून देतो. ऑर्डर कोणतीच सोडत नाही, हातात कायम 20 ऑर्डर असतात आणि प्रत्येकीला उशीर. अजून दोन माणसं घेऊ का?

माणसं घ्यायच्या आधी हे बघा. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला एक साधा संबंध आहे, हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, की एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते निघतं. तुमच्या हातात 20 आहेत आणि आठवड्याला 5 पूर्ण होतात, तर प्रत्येक गिऱ्हाईक सरासरी 4 आठवडे थांबणार, तुम्ही कितीही धावपळ करा. सुरू केलेली कामं 10 वर आणली आणि वेग तोच राहिला तर काम हातात घेतल्यापासून 2 आठवड्यांत पूर्ण होतं. बाकीच्या ऑर्डर नाकारायच्या असं नाही, पण त्या यादीत थांबतील, मटेरियल कापायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला खरी तारीख सांगायची. "लगेच सुरू करतो" म्हणून फळ्या कापून कोपऱ्यात ठेवलेलं काम जागा अडवतं, पैसे अडवतं आणि रोज फोन करायला लावतं.

वेग उलट थोडा वाढतो असाच अनुभव येतो, कारण एक काम अर्धं टाकून दुसरं उचलण्यातला वेळ वाचतो. हे दोन महिने करून बघा, आणि तरीही यादी लांबतच गेली तर काम कुठे तुंबतंय ते शोधा. पॉलिशला तुंबत असेल तर सुतार वाढवून काय होणार, पॉलिशपुढचा ढीग तेवढा वाढेल.

प्रश्न : चार माणसं कामाला आहेत पण प्रत्येक गोष्ट विचारायला माझ्याकडेच येतात. सुट्टी घेतली तर फोन थांबत नाही. माणसंच तशी मिळतात का?

माणसं तशी नसतात, त्यांना तशी सवय लागलेली असते, आणि ती बहुतेक आपणच लावलेली असते, कारण विचारल्यावर लगेच उत्तर देणं सोपं पडतं आणि मनातून जरा बरंही वाटतं. एक आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न टिपून ठेवा. बघाल तर त्यातले बरेचसे तेच तेच असतात : परत आलेला माल घ्यायचा का, उधार द्यायचं का, अमुक संपलंय मागवू का. प्रत्येकाचं उत्तर दोन ओळींत लिहून भिंतीवर लावा. मग एक रकमेची मर्यादा ठरवा, तेवढ्यापर्यंतचा निर्णय ज्याच्या हातात काम आहे त्याने घ्यायचा, तुम्हाला नंतर सांगितलं तरी चालेल. ती रक्कम चुकली तरी तुम्हाला झोप लागेल इतकीच असावी.

अवघड भाग पुढे आहे. कोणीतरी त्या मर्यादेत चुकीचा निर्णय घेणार, आणि तुम्ही चारचौघांत झापलंत की खेळ खलास, दुसऱ्या दिवसापासून परत सगळे तुमच्या दारात. तिथे गप्प बसायचं आणि भिंतीवरच्या कागदात एक ओळ वाढवायची. पहिली सुट्टी एका दिवसाचीच घ्या, फोन बंद ठेवून.

प्रश्न : जुना माल पडून आहे, खरेदीच्या भावालाही जात नाही. तोटा खाऊन विकू?

विका. तुम्ही किती दिले होते हे बाजाराला माहीत नाही आणि त्याला त्याच्याशी देणंघेणंही नाही. आज त्याचे जे येतील त्यातून चालणारा माल घेतलात तर तो किती वेळा फिरेल, एवढंच बघायचं. सहा महिन्यांत जे हललं नाही ते एका रेटने काढून टाका. तुमच्या धंद्यात माल मुळातच हळू फिरत असेल तर सहाचे बारा महिने धरा.

प्रश्न : तुम्ही म्हणता तसं काही कामं बंद करायची ठरवलीत. पण जुन्या लोकांना नाही कसं म्हणू? शब्दच फुटत नाही.

कारणं देत बसू नका, लांबलचक कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय सुचवतो आणि तुम्ही अडकता. मेसेज असा लिहा : "या महिन्यापासून आम्ही अमुक काम घेणं बंद केलंय. तुमचं चालू काम ठरल्याप्रमाणे पूर्ण करून देऊ. पुढच्यासाठी अमुक जण हे काम चांगलं करतात, त्यांना तुमचा नंबर देऊ का?" ज्यांचं नाव देणार त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, त्यांनाही तुमच्या कामाची गिऱ्हाइकं अधूनमधून भेटतच असतात. आणि जुन्यातल्या जुन्या दोघा-तिघांना मेसेज नको, फोन करा.