सर्सीत पहिलीच चाल एन पासाँ असेल तर

‘प्रोग्रॅम उत्तर बरोबर दाखवतो, तरी दोन चालींत मात करायचं माझं सर्सी कोडं स्पर्धेकडून परत आलं, पहिली चाल एन पासाँ आहे’ हे तुमचं वाचलं आणि माझं जुनं दुखणं आठवलं. (सर्सी हा बुद्धिबळाचा असा प्रकार, ज्यात मेलेलं मोहरं आपल्या सुरुवातीच्या घरावर परत उभं राहतं.)

एन पासाँ, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं एकच घर आलं असं समजून लगेचच्या चालीत आपल्या प्याद्याने मारणं, तुम्हाला येतंच. कोड्यांत कॅसलिंग (राजा आणि हत्तीची जोडचाल) अशक्य ठरेपर्यंत चालतं. एन पासाँचं उलट: काळ्याची शेवटची चाल दोन घरांचीच होती, हे पटावरूनच सिद्ध व्हावं लागतं. प्रोग्रॅम हे बघत नाही. फेनच्या (पटाची स्थिती एका ओळीत लिहायच्या पद्धतीच्या) चौथ्या रकान्यात डी६ भरलं की तो मान्य करतो. मी त्यावरच विसंबलो.

माझं कोडं साधं होतं, सर्सी नव्हतं. पांढरा राजा सी५, प्यादं ई५, घोडा सी६. काळं प्यादं डी५. ते डी६ वरून आलं म्हणावं तर तिथून राजाला आधीच शह होता, म्हणून अशक्य. काळ्याच्या बाकी मोहऱ्यांनाही मागे जायला घर नव्हतं. पण ई६ रिकामं होतं आणि पांढऱ्याचा एक उंट पटावर नव्हता. ई६ वरच्या प्याद्याने डी५ वर तोच मारला असेल तर? हे मला दिसलंच नाही. स्पर्धेकडून एकच शब्द आला, ‘अग्राह्य’. दोनदा विचारलं, उत्तर नाही. कित्येक महिने मी मात देण्याच्या चाली बदलत बसलो. कारणाची एक ओळ लिहायला हवी होती, असं मला आजही वाटतं.

मग ई६ वर काळा घोडा ठेवला. तेही चुकलं, कारण तिथून तो सी५ वरच्या राजाला शह देतो, म्हणजे शेवटची चाल त्या घोड्याचीच ठरते. तिथे पांढरं मोहरं हवं.

तुमचं काम सर्सीमुळे सोपं होईल. डी५ पांढरं घर, म्हणून तिथे मेलेलं पांढरं मोहरं बी१, डी१, एफ१, एच१ किंवा प्यादं असल्यास डी२ वर परत उभं राहतं. ही पाचही घरं रिकामी असतील तर डी५ वर नुकतंच काही मेलेलं नाही. (हे नेहमीच्या मोहऱ्यांपुरतं; इतर प्रकारांत हिशेब बदलतो, स्पर्धेचे नियमही वाचा.)

आणखी एक. एन पासाँत मेलेलं प्यादं डी७ वर हमखास परत येतं, कारण ते घर नुकतंच त्यानेच सोडलेलं असतं. डी६ वर तुमचं प्यादं असल्याने त्याला पुढे सरकता येत नाही, पण सी६ आणि ई६ वर ते मारू शकतं. मात तपासताना ही दोन घरं आधी बघा.